निळी बाही

प्रयोगशाळेत चित्रकार श्रीधर वझलवारांनी काढलेलं आठ फुटी चित्र उभं केलं होतं. धरमपेठेतलं घड्याळाचं दुकान, त्याची लांबलचक काच, बाहेर लावलेल्या स्कूटर, शेजारी टांगलेली स्टीलची भांडी. बघणारा त्याला फोटोच समजे आणि वझलवार मनातून फुलून जात. आज मात्र त्यांची मान याच चित्रात अडकली होती. गॅलरीवाल्या देशकरांचा खून झाला तेव्हा आपण या दुकानासमोर फोटो काढत होतो, एवढंच त्यांचं म्हणणं. पण चित्र पुरं झालं की मूळ फोटो नष्ट करायचा, हा त्यांचा जुना तोरा. त्यामुळे पुरावा म्हणून चित्रच उरलं, आणि बिंबशोधक यंत्राची मागणी त्यांनी स्वतःच कोर्टात केली.

"प्रत्येक चकचकीत वस्तूत समोरचं थोडं थोडं दिसतं," यंत्र चालवणाऱ्या डॉ. तिजारे वझलवारांच्या पत्नीला, कुंदाताईंना समजावत होत्या. "अशा एक्केचाळीस वस्तू जुळवून यंत्र चित्राच्या अलीकडचा रस्ता उभा करतं. फोटो काढणारा उभा होता ती जागासुद्धा."

पडद्यावर रस्ता उभा राहिला. सावल्यांवरून वेळ निघाली, अकरा वीस, म्हणजे खुनाचीच. समोरच्या स्टॉलवरच्या वर्तमानपत्रावरून तारीखही त्याच दिवसाची निघाली. कुंदाताईंनी सुटकेचा श्वास टाकला. मग फोटो काढणाऱ्याच्या जागेचा फुटपाथ दिसला. तो रिकामा होता.

"अहो, आम्ही चित्रकार चित्रातून स्वतःला काढून टाकतो!" वझलवार ओरडलेच. "काचेत फोटो काढणारा दिसला तर चित्राची मजाच जाते. सगळेच काढून टाकतात."

"आणि सगळ्यांचं पकडलं जातं," डॉ. तिजारे म्हणाल्या. " पुसलेली जागा अंदाजाने भरतात, मग एका काचेचं दुसरीशी जमत नाही. तुमच्या एक्केचाळीसही वस्तू एकमेकींशी जमतात. म्हणजे तिथे माणूस नव्हताच. खांबावरच्या कॅमेऱ्यातून असा फोटो कुणीही घरबसल्या घेतो."

जमणारच! त्या मोकळ्या फुटपाथचा अभ्यास करायला वझलवार महिनाभर तिथे खेटे घालत होते. एकेका वाटीवर त्यांनी तीन-तीन दिवस घालवले होते.

"एक चूक राहिली होती," कुंदाताई घाईने म्हणाल्या. "स्कूटरच्या आरशात निळी बाही. मीच दाखवली यांना. यांनी ब्लेडने खरवडून पुन्हा रंगवलं."

डॉ. तिजारेंनी यंत्र आरशावर नेलं, रंगाच्या तळापर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "काही उरलेलं नाही. फार स्वच्छ काम आहे. ती बाही राहिली असती तर हे सुटले असते."

कौतुक ऐकूनही वझलवार आयुष्यात पहिल्यांदाच फुलले नाहीत. त्यांनी आधारासाठी पत्नीचा हात धरला. कुंदाताई त्या रिकाम्या फुटपाथकडे बघत होत्या. हळूच हात सोडवून घेत त्यांनी विचारलं,

"अहो, ती बाही तुमचीच होती ना?"