कडूच्या नावाचा कोहळा

"उडी मारायच्या आधी दगड टाकायचा. साप असला की पाणी हलतंय," आश्रुबा विहिरीच्या काठावर वाकून म्हणाला.

"साप? मग मी वरूनच बघतो तुमची मजा!" बद्रीनाथ दोन पावलं मागे सरकला.

"बीडच्या शाळेत पवायला शिकवत न्हाईत काय बे?"

"गणित शिकवतात!"

"मंग गणितानं पव की!"

सत्यभामा हसत होती, तेवढ्यात वाड्याच्या बाजूने भोंगा वाजला. पोंऽऽ पोंऽऽ! मोटार परत आली होती. पोहणं राहिलं बाजूला, तिघं तिकडे पळत सुटले.

सारा गाव त्या मोटारीवर खूश होता. सत्यभामेच्या धाकट्या मामांनी, सुग्रीवमामांनी, ती हैदराबादेहून आणली होती. लाल रंगाची, बसकी, टप नसलेली. बसायला दोनच जागा. मागे काही नाही, पुढे एक काच. तहसीलदारांकडेसुद्धा असली मोटार नव्हती.

सुग्रीवमामांनी तीन वर्षांच्या कडूला उचलून खाली ठेवलं. कडू ही थोरल्या मामांची, अर्जुनरावांची मुलगी. तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. मुठीत बत्तासा होता. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती.

"पुन्हा टेंगूळ!" सत्यभामेची आई वच्छलाबाई धावत आली. "अगं बाई, पोरीला दृष्ट लागली. त्या घाटात काहीतरी हाय, मी सांगते तुम्हाला!"

"काही नाही गं आक्का," सुग्रीवमामा हातमोजे काढत म्हणाले. "डुलकी लागली तिला. दाराला डोकं टेकलं."

वच्छलाबाई मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली. सत्यभामा मात्र कडूजवळ बसली. तिने टेंगळाला हळूच बोट लावलं. कडू एकदम मागे सरली.

"दार बाजूला असतं," सत्यभामा मित्रांना हळूच म्हणाली. "दाराला डोकं टेकलं तर कानाजवळ लागेल. हिला दरवेळी समोरच लागतं."

"भूत समोरूनच मारत असेल," बद्रीनाथ म्हणाला.

 तो चेष्टा करत नव्हता.

"उद्या घाटात जाऊन बघू," सत्यभामा म्हणाली. "लपून."

"घाटात? आन् आक्कासाहेब म्हनल्या ते खरं असलं तर?" आश्रुबाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तिघं पायवाटेने घाटात उतरले. वाट आश्रुबाला माहीत होती. त्याचे वडील आसाराम वाड्याची बैलगाडी हाकायचे. घाटाच्या मोठ्या वळणाशी निवडुंगाची दाट रांग होती. तिच्यामागे तिघं पोटावर पालथे पडले.

घाटात वारा नव्हता. एक सरडा वाळल्या पानांतून सळसळत गेला तरी तिघांनी डोकी खाली घातली.

"आपण घरी जायचं का?" बद्रीनाथ कुजबुजला.

"गप!"

वरून घरघर ऐकू आली. मग धूळ दिसली आणि धुळीतून लाल मोटार सुसाट उतरताना दिसली. कडू दुसऱ्या बैठकीवर उभी होती! दोन्ही हात पुढच्या काचेवर, केस वाऱ्यावर. आणि ती हसत होती. मोठ्याने, खिदळून हसत होती.

वळणापलीकडून अचानक मेंढरं रस्त्यावर आली. सुग्रीवमामांनी बिरेक दाबला. मोटार करकचून थांबली.

कडू थांबली नाही. तिला कोणी ढकललं नव्हतं, तरी ती पुढे गेली. काचेवर ठाण्णकन आवाज झाला आणि ती खाली, पायांच्या जागेत पडली. दिसेनाशी झाली.

सत्यभामेने तोंडावर हात दाबला. आश्रुबाने तिची बाही घट्ट धरली होती. कडू उठते का? उठते का?

सुग्रीवमामांनी कडूला वर उचललं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. त्यांनी सुराहीतल्या पाण्याने तिचं तोंड धुतलं आणि खिशातून बत्तासा काढला.

"बाळ माझं ते! काही नाही झालं, हं? बाबांना सांगायचं नाही. सांगितलं तर मोटार बंद!"

कडूने मान हलवली. मग सुग्रीवमामांनी मोटारीचं दार उघडलं. कडू रस्त्यातच उभी राहिली. ती काही केल्या आत चढेना. शेवटी मामांनीच तिला उचलून आत ठेवलं.

मोटार निघून गेली तरी तिघं बराच वेळ तिथेच पडून होते.

"भूतबीत काय न्हाई," आश्रुबा शेवटी म्हणाला. "भूत असतं तर बरं झालं असतं."

सत्यभामा धापा टाकत घरी आली आणि थेट ओसरीवर गेली. अर्जुनराव एकटेच बसले होते. वर्षापूर्वी मामी गेल्यापासून ते असेच बसायचे.

"मामा, कडूला मोटारीत बसवू नका! ती काचेवर आपटते. आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

अर्जुनरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुग्रीव जोरात चालवतो, ते मला माहीत आहे. मी बोलेन त्याला. पण सत्यभामे, तिची आई गेली तशी ही पोर हसायचीच थांबली होती. मी खेळणी आणली, गाय दाखवली, गोष्टी सांगितल्या. काही उपयोग झाला नाही. ती हसली ती मोटारीत."

"पण मामा—"

"उद्या जावळ काढायला परळीला वैजनाथाकडे जायचंय. मी स्वतः बसणार आहे, ती माझ्या मांडीत असेल." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. नांगर धरलेले, रुंद हात होते ते. "या हातांतून पडेल का माझी पोर? बैलगाडीत लेकरू पुढेच घेतात, घट्ट धरून. मागे बसवलं तर पडतं. आमचे आजे-पणजे हेच करत आले."

मामांचे हात खरंच मजबूत होते. पण तिला काचेवरचा तो आवाज आठवत होता. उद्या सबंध घाट उतरायचा होता!

गोठ्यात तिघांची बैठक बसली.

"बैल थांबला तरी गाडी चार पावलं सरकतीया," आश्रुबा विचार करत म्हणाला. "मोटार गपकन थांबती. मंग आतलं माणूस कुठं जाईल?"

"पुढे," बद्रीनाथ म्हणाला. "मोठ्या माणसाचे पाय तरी टेकतात. कडूचे कुठे टेकतात?"

"पण मामा म्हणतात, मी धरीन."

"धरून बघू दे की त्यांना!" बद्रीनाथ म्हणाला.

"कडूला घेऊन? वेडा आहेस का?" सत्यभामा चिडली. आणि बोलता बोलता थांबली. तिची नजर वर गेली होती. आढ्याला टांगलेल्या शिंक्यात एक मोठा पांढरट कोहळा होता. उद्या मोटारीपुढे फोडायला तिच्या आईने तो राखून ठेवला होता.

पुढचं काम अवघड होतं. सत्यभामेने चुलीजवळ जाऊन आईशी बोलणं काढलं.

"आई, कोहळा नुसता मोटारीपुढे फोडून काय होणार? कडूचं सगळं त्यात उतरायला नको? तिचं झबलं त्याला घालायचं, तिच्या जागी मामांच्या मांडीत ठेवायचा आणि शिवेवर नेऊन फोडायचा. मग परत येऊन कडूला घ्यायचं."

"कुणी सांगितलं तुला हे?"

सत्यभामा गडबडली. बद्रीनाथने गंभीर चेहरा केला. "आमच्या गल्लीत नव्या टांग्याला असंच केलं होतं, काकू. अजून एकदाही उलटला नाही टांगा!"

"बरं केलंत सांगितलंत," वच्छलाबाई म्हणाली. "अर्जुन नाही म्हणाला तर मी बघते त्याच्याकडं!"

बाहेर आल्यावर बद्रीनाथने कपाळाचा घाम पुसला. "देवाच्या कामात खोटं बोललो. आता मला काय होईल?"

"परीक्षेत नापास होशील," आश्रुबा म्हणाला. "तसा बी होनारच हायेस."

सकाळी गाव गोळा झाला. कोहळ्याला हळदकुंकू लावलं, कडूचं पिवळं झबलं चढवलं. सुग्रीवमामा हसत होते. "दादा, लेक बरीच जाड झाली की!" थोरल्या बहिणीचं मन मोडायचं नाही म्हणून अर्जुनराव बसले. कोहळा मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही हातांची मिठी घातली.

शिवेच्या अलीकडे रस्ता सपाट होता. तिथे बांधाआड तिघं लपले होते. रस्त्याच्या पलीकडे कडब्याची पेंढी होती, घोंगडीत गुंडाळलेली. तिला बांधलेला सोल, म्हणजे जाड दोर, रस्त्यावरच्या धुळीखालून आश्रुबाच्या हातात आला होता.

"घाटात नको, इथंच बरं," सत्यभामा दहाव्यांदा म्हणाली. "इथे दरी नाही. मामांना लागलं तर? आश्रुबा, नको ओढूस! नको, ओढ! अरे देवा!"

"एकच काय ते सांग!" आश्रुबाने सोल मुठीला गुंडाळला. "मालकांना कळलं तर माझ्या बापाची गाडी जाईल!"

पोंऽऽ! मोटार आली. जवळ, आणखी जवळ.

"ओढ!"

घोंगडी रस्त्यावर सरपटत आली. मोटारीतून वासरू आडवं आल्यासारखंच दिसलं असणार. सुग्रीवमामा ओरडले. चाकं किंचाळली. धुळीचा लोट उठला आणि त्या धुळीत फट्ट असा ओला, जड आवाज झाला.

मग सगळं शांत झालं.

"मेले," बद्रीनाथ पुटपुटला. "आपण मामांना मारलं!"

सत्यभामा बांधावरून उडी टाकून धावली. तिला रडू फुटलं होतं. धूळ खाली बसली तेव्हा तिला दिसलं, दोघंही मामा जागेवर होते. अर्जुनरावांच्या हनुवटीतून रक्त येत होतं. त्यांचे दोन्ही हात अजून मिठी घातल्यासारखे पुढे होते. मिठीत काही नव्हतं.

काचेला तडा गेला होता. कोहळा फुटून त्यांच्या पायांशी पडला होता. पिवळं झबलं गराने भिजलं होतं.

"कोण आहे तिकडे?" सुग्रीवमामा खाली उतरून गरजले. "कुणाची ही घोंगडी? चामडी लोळवीन एकेकाची!"

आश्रुबा पळाला नाही. पाय उचलत नव्हते म्हणून असेल, पण तो पळाला नाही. "माझी हाय," तो म्हणाला.

"मीच ओढायला सांगितलं," सत्यभामा हुंदके देत म्हणाली.

"टांग्याचं खोटं मी बोललो," बद्रीनाथही पुढे आला.

"दादा, बघितलंस का ही कार्टी? आणि तूही कोहळा नीट धरायचास ना—"

"धरला होता," अर्जुनराव म्हणाले.

ते फार हळू बोलले.

"दोन्ही हातांनी धरला होता, सुग्रीव. मनात कडूच होती. शिवेपर्यंत तिलाच घेऊन बसलो होतो मी." त्यांनी खाली वाकून ते भिजलं झबलं उचललं आणि तसंच छातीशी धरलं. "कधी सुटला, तेही कळलं नाही."

सुग्रीवमामा मोटारीच्या पायरीवर मटकन बसले. त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी सगळं सांगितलं. काच, मेंढरं, रक्त, बत्तासे. "तिला हसताना बघून मलाच बरं वाटायचं, दादा. म्हणून नेत राहिलो. घाबरायचो, आणि पुन्हा न्यायचो."

अर्जुनरावांनी तिघांना जवळ बोलावलं. आश्रुबाने डोळे मिटून घेतले. पाठीवर हात पडला, पण तो मारायला नव्हता.

"मला फसवलंत तुम्ही," अर्जुनराव म्हणाले. "आक्कालाही फसवलंत. सत्यभामे, तू आधी सरळ सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. माझी पोर आज तुम्ही मला परत दिलीत."

वाड्यावर आल्यावर वच्छलाबाईने सगळं ऐकलं. "देवाच्या नावानं खोटं! लाज वाटते का?" असं म्हणत तिने सत्यभामेचा कान धरला, आणि कान धरूनच तिला पोटाशी घेतलं. अर्जुनरावांनी गावासमोर सांगितलं, "या मोटारीत लहान पोर बसणार नाही. कुणाच्या मांडीतही नाही. मी असो, नाहीतर खुद्द सुभेदार असो."

"मग जावळाचं काय, मालक?" आसारामने विचारलं.

"गाडी जुंप. आत गादी घाल, दांड्यांना बाजूने पोती बांध."

"बैलांनी परळी म्हंजे लई दिस लागतील."

"लागू दे."

पण कडू गाडीजवळ येईना. गाडी दिसताच ती बापाच्या धोतराआड लपली. अर्जुनरावांनी तिला उचललं नाही. "आसाराम, तू हळूहळू हो पुढे," ते म्हणाले आणि तिचं बोट धरून गाडीमागून चालू लागले. त्यांच्यामागे वच्छलाबाई, सत्यभामा, बद्रीनाथ आणि आश्रुबा. सगळ्यात शेवटी सुग्रीवमामा, अनवाणी पायांनी, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन.

शीव मागे पडली. ऊन चढू लागलं. कडू थांबली. तिने गाडीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग वर बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "पाय दुकले."

काल संध्याकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती. सगळे जिथल्या तिथे थांबले.

"मग वर बसायचं का?" अर्जुनरावांनी विचारलं.

कडूने बराच विचार केला. "सत्तीताई बशेल तर."

"हो गं माझी बाय!" म्हणत सत्यभामा आधी गाडीत चढली आणि गादीवर मधोमध बसली. अर्जुनरावांनी लेकीला तिच्याजवळ ठेवलं. आसारामने बैलांना हाक दिली, आणि गाडी कडूला कळणारही नाही इतक्या हळू पुढे सरकली.