एकसष्ट नंबरची जागा

हे मी कुणाला पटवायला सांगत नाही. घडलं तसं सांगते, एवढंच.

जर्मनीत शिकून परतले ती वसईत, आमच्याच गावात काम करायचं ठरवून. चर्चच्या दफनभूमीची जुनी नोंदवही वाळवीने अर्धी खाल्ली होती. आमच्याकडे जागा कमी. पाच वर्षं भरली की कबर उघडायची, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि तिथे दुसऱ्याला जागा द्यायची. नोंदच हरवली तर कुणाची पाच वर्षं भरली, हे कळणार कसं?

म्हणून सगळं डेटाबेसमध्ये घातलं. रोज दुपारी एक बॅकअप ऑफिसातल्या डिस्कवर. दर शनिवारी दुसरा, तो आगाशीला डेरिककडे, माझ्या मावसभावाच्या घरी. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप वेगळ्या लॅपटॉपवर उघडून तपासायचा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत, हे मी इतक्यांदा ऐकवलं होतं की फादर मला बघूनच हात जोडत.

ऑगस्टच्या त्या पहिल्या शनिवारी पहाटे ऑस्करकाका गेले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दफनाआधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चार वाजता ठरली. डेटाबेसने त्यांना एकसष्ट नंबर दिला. जागा चार वर्षांपासून रिकामी, आमच्या घरासाठी राखलेली.

त्या दिवशी तपासणी टाळता आली असती. पण घरी बसवत नव्हतं. ऑफिसात जाऊन कालचा बॅकअप उघडला. काल दिवसभरात एकही नवी नोंद झाली नव्हती, काकांची अजून व्हायची होती, तेव्हा आकडे जुळायला हवे होते. डेटाबेसमध्ये चार हजार तीनशे सतरा नोंदी. बॅकअपमध्ये चार हजार तीनशे अठरा.

जादा नोंद सापडली. अँजेलिना. जागा एकसष्ट. दफन गेल्या वर्षी जुलैत. मृत्यूची तारीख... मोकळी.

ती तारीख भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. तसं मीच केलंय.

"फर्डिनंड अंकल, एकसष्टमध्ये कोण आहे?"

फर्डिनंड अंकल चाळीस वर्षं चर्चचे कारकून. चष्माही न काढता म्हणाले, "कुणी नाही गो. तुझं यंत्र विसरायला लागलं वाटतं."

"विसरत नाहीये, अंकल. त्याला जास्त आठवतंय."

ते हसले नाहीत. गेल्या जुलैची कागदी पावतीपुस्तकं काढली. अँजेलिना नाही. गावात त्या नावाचं कुणी गेलंच नव्हतं. डेरिकला फोन केला. तो धापा टाकत डिस्क घेऊन आला. आगाशीच्या बॅकअपमध्येही ती होती. तशीच, तारखेशिवाय.

दोन्ही बॅकअप एक सांगतात आणि मूळ दुसरंच, तर मी कुणावर विश्वास ठेवायचा? एक वर्षाची कबर उघडली तर आत काय दिसेल, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी फादरांकडे काकांसाठी दुसरी जागा मागितली.

सालोमीकाकी, ऑस्करकाकांची बायको, दारात उभी होती. "प्रिस्का, लॅपटॉपवरचं नाव बघून तू त्यांना ताटकळत ठेवणार? त्यांच्या आईच्या शेजारची जागा आहे ती."

मी लॅपटॉप मिटला. कबरी खणणाऱ्या एरॉलने एकसष्ट खणायला घेतली.

दोन फूट. तीन. चार. हाडं नाहीत, लाकूड नाही. माझा जीव भांड्यात पडत होता, तोच एरॉल थांबला.

"बाय... हितं पानी लागत नाय."

"मग बरंच की."

"बरं कसलं? पावसाळ्यात चार फुटांवर पानी लागतंच. हे कोरडं हाय." त्याने तळहात मातीवर टेकवला आणि झटकन उचलला. "आनि गरम."

मी खाली उतरले नाही. उतरायला हवं होतं का, हे अजून कळत नाही. फादरांकडे बघून एवढंच म्हणाले, "बासष्टची पाच वर्षं मार्चमध्ये भरलीत." सालोमीकाकीने एरॉलच्या तळहाताकडे पाहिलं. मग तीच बासष्टकडे वळली.

मिस्सा तासभर उशिरा झाली. काकांना बासष्टमध्ये ठेवलं. तिथे पाणी लागलं.

माणसं पांगल्यावर एरॉलने एकसष्ट बुजवली. पायांनी तुडवली, फावड्याने ठोकली. मग फावड्याला टेकून बघत राहिला. बाजूला मातीचा ढीग शिल्लक होता.

"रिकामा खड्डा ठोकून बुजवला तर माती उरत नाय, बाय," तो हळूच म्हणाला. "एक पेटी ठेवल्यावर उरते ना... तेवढी उरली."