बिरागो अजून पुढे आहे

मूल व्हावं म्हणून मी एकदा नवस बोलले होते, पोकुआ. टेकडीवरच्या आपल्या चर्चमध्ये, प्रार्थना संपून बायका पांगल्यावर, एकटीच गुडघ्यांवर बसून. दर गुरुवारी निर्जळी उपास करीन, आणि मूल झालं तर आधी देवाच्या दारात ठेवीन, मग घरात नेईन. तो नवस मी फेडला. पण मध्ये एक दुसरा नवस बोलावा लागला. साक्ष देवाचीच होती, बोलले मात्र भलतीलाच. आज तू नवी नवरी म्हणून भेटायला आलीस आणि तुझ्या कानातले हे डूल दिसले, म्हणून सांगते. बैस. वीज यायला वेळ आहे, कंदील असू दे मध्ये.

उपासाच्या जोडीला डॉक्टरीणबाईंनी मला चालायला सांगितलं होतं. चर्चच्या बायकांचा चालण्याचा गट होताच. प्रत्येकीच्या मनगटावर घड्याळ. दिवसभरात कोण किती चालली ते घड्याळ मोबाईलला सांगायचं, आणि मोबाईलवर सगळ्यांची मिळून एक यादी दिसायची. शनिवारी जिचं नाव सगळ्यात वर, तिला गटाच्या मुख्य मामे न्यार्को उभी करायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. कितीतरी वर्षं त्या टाळ्या एकीलाच मिळाल्या होत्या. बिरागोला. माझ्या यजमानांची, अदोमाकोंची, पहिली बायको ती. एका सकाळी चालून आली, उंबऱ्यावर बसली, डाव्या पायातला बूट काढला आणि उजव्याची नाडी सोडता सोडता तिथेच गेली.

यजमानांनी वर्षभर काळं नेसलं. वर्ष सरल्यावर तिच्या माहेरची माणसं आली आणि रीतीप्रमाणे तिच्या अंगाला लागलेलं सगळं घेऊन गेली. कमरेचे मणी, नेसायची कापडं, चपला, केसांत अडकलेला कंगवासुद्धा. राहिलं एक घड्याळ. ते यजमानांच्या दुकानात, मोटारींच्या सुट्या भागांमध्ये चार्जिंगला लावलेलं होतं. कुणाच्या मनातच आलं नाही. मणी अंगाचे, कापड अंगाचं. घड्याळ म्हणजे यंत्र, त्याचं काय द्यायचं-घ्यायचं? आणि बघ ना, त्या सगळ्या वस्तूंमध्ये तिच्या कातडीला चिकटून तिच्या काळजाचे ठोके ऐकणारी वस्तू तेवढी एकच होती.

लग्नानंतर यजमानांनी ते माझ्या हातात ठेवलं. "चांगलं चालतंय. तुझं नाव घातलंय त्यात."

मी घुटमळले, तर दुफीवन्सं हसल्या. "घाल गं! मेलेल्या बाईला कुठे आता पावलं मोजायचीयत?"

मी घातलं. पहिल्याच शनिवारी यादीत माझं नाव दुसरं आलं. पहिलं होतं बिरागो.

बायकांना विषयच मिळाला. "तिवा, सवतीने मागे टाकलं की तुला!" "अगं, स्वर्गात सगळा उतारच असेल, पाय आपोआप पळत असतील!" मामे न्यार्कोंनी नाव पुसलं. सकाळी ते पुन्हा जागेवर. त्या म्हणाल्या, "जुनं नाव यंत्रात अडकलंय. बसू दे तिला वर, टाळ्या तुलाच वाजवू."

पण संध्याकाळी माझ्या यजमानांचे डोळे त्या यादीवर जायचे. जेवताना, हातात फुफूच्या मऊ गोळ्याचा घास धरून, ते मोबाईल वर करून बघायचे आणि अगदी हळू म्हणायचे, "नेहमी पुढेच असायची ती."

मी जळले गं. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या रश्शात मीठ जास्त झालं म्हणून सांगता येतं. हिच्याशी काय भांडू? मी चालत सुटले. बाजाराला चालत, दळणाला चालत, चर्चला तर लांबचा फेरा घालून. मी जितकी चालले, त्याहून ती जराशी जास्त. एक दिवस ताप आला म्हणून मी अंथरुणातून उठले नाही, तर तीही थांबली. जराशी पुढे.

मग आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यजमान जवळ बसले, माझ्या एखाद्या बोलण्यावर हसले, पाठीवर हात ठेवला, की घड्याळ थरथरायचं आणि त्यावर अक्षरं उमटायची. ठोके वाढले आहेत. शांत बसा, श्वास घ्या. टेकडी चढून माझ्या छातीचा भाता झाला तरी ते गप्प असायचं. यजमान दुकानात गेले की गप्प. फक्त ते माझ्याजवळ आले की... कुणाचे ठोके वाढत होते, तूच सांग.

काढून का नाही ठेवलं, म्हणशील. काढलं असतं तर ती जिंकली असती ना! एवढाच तो हट्ट.

आणि त्याच दिवसांत देवाने ऐकलं. मला दिवस गेले. दवाखान्यात पोटावर नळी धरून डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. हातात धरलेल्या चिमणीचं काळीज धडधडावं, तसे. मी रडले. बाई म्हणाल्या, "चालणं सोडू नका, फक्त सावकाश."

हरमाटनचे दिवस होते. तू बघतेसच दरवर्षी, वाळवंटाकडून ते कोरडं वारं सुटलं की सूर्य वर आला तरी कथलाच्या ताटलीसारखा फिकट दिसतो. समोरचं झाडसुद्धा धुळीत विरघळतं. त्या सकाळी गटातल्या बायका खोकल्याने घरात होत्या. मी एकटीच टेकडीच्या रस्त्याला लागले. ओठ फुटलेले, घशात मातीची चव. कुत्रंही भुंकत नव्हतं.

पुढे पावलं वाजली.

आधी वाटलं, आपल्यातलीच कुणी असेल. मग कान देऊन ऐकलं. एक पाऊल बुटाचं, जड. दुसरं उघडं, हलकं. बूट... आणि तळवा. बूट... आणि तळवा. धुळीतून कापराचा वास आला, पेटीतल्या कापडांना येतो तसा.

"कोण? मामे न्यार्को?"

मी थांबले की ती थांबे. जराशी पुढे. धुरकट पाठ दिसली, कमरेला कापड घट्ट खोचलेलं. खरं तर मी तिथूनच पळायला हवं होतं. पण भीतीच्या आधी मत्सर उसळला माझ्या तोंडातून.

"नवरा तुझा, घर तुझं, यादी तुझी! आता रस्तासुद्धा तुझाच का गं?"

घड्याळ थरथरलं. बघते तर ठोके असे धावताहेत की आकडा ठरेना. मी मैलाच्या दगडावर बसले, श्वास आवरला, मानेच्या शिरेवर बोट ठेवलं. माझी नाडी हळूहळू संथ झाली. मनगटावर मात्र ती चिमणी तशीच धडधडत होती. तेव्हा कळलं. घड्याळ माझे ठोके मोजतच नव्हतं. ते पोटातले मोजत होतं.

आणि पावलं वळली.

बूट... तळवा... बूट... तळवा... माझ्या दिशेने. अंतर नेहमी ठेवायची ती, आज नाही ठेवलं. कापराचा वास इतका दाटला की डोळे चुरचुरले. समोर धुळीखेरीज काही नव्हतं, पण पोटावर गारवा पसरला, कुणी ओला तळवा टेकवावा तसा.

"दे ना..."

एवढंच. रागाचा आवाज नव्हता तो. हट्टाचाही नव्हता. मामे न्यार्कोंनी एकदा सांगितलेलं आठवलं. बिरागोलाही डॉक्टरीणबाईंनीच चालायला लावलं होतं. तीही त्याच चर्चमध्ये त्याच जागी गुडघे टेकायची. ती टाळ्यांसाठी चालतच नव्हती गं. जे मला मिळालं, त्यासाठी चालत होती, आणि पाय थांबेपर्यंत तिला ते मिळालं नाही.

मी पोटावर दोन्ही हात धरले. "मूल नाही देणार, बिरागो. नाव देईन. देवाच्या साक्षीने बोलते. मुलगी झाली तर तुझं नाव लागेल तिला. आणि हे घड्याळ तुझ्या आईच्या हातात ठेवीन. आजच."

किती वेळ गेला कोण जाणे. मनगटावरची धडधड उतरत गेली आणि माझ्या नाडीशी येऊन मिळाली. मग पावलं निघाली. टेकडीकडे.

त्याच दुपारी मी तिच्या माहेरी गेले. म्हातारीने घड्याळ दोन्ही हातांत घेतलं, कानाशी धरलं. मण्यांच्या पेटीत ठेवून झाकण लावलं आणि म्हणाली, "बस्स. वर्षभर हे झाकण बसत नव्हतं."

नवसाचा अर्धा भाग राहिला होता, आणि तो माझ्या हातात नव्हता. नाव ठेवायचं ते बापाने. मुलगी झाली, तेव्हा यजमानांनी त्यांच्या आईचं नाव मनात धरलेलं. "हे माझं काम आहे, तिवा," म्हणाले. मी त्यांना त्या सकाळची सगळी हकीकत सांगितली. ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि पहिल्यांदा माझ्यादेखत तिच्यासाठी रडले. मला वाटलं होतं, ते बघून मी पुन्हा जळेन. नाही जळले. त्यांची पाठ चोळत राहिले. आठव्या दिवशी पहाटे, बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवून त्यांनी हाक मारली, "बिरागो." त्या दिवशी यादीतून ते नाव गेलं. पुढे मी नवं घड्याळ घेऊन पुन्हा चालू लागले, तेव्हा शनिवारच्या टाळ्या मलाच मिळाल्या, आणि खरं सांगू, मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

ही बघ, आलीच. ईस्टरपासून उभी राहून चालायला लागलीय. परवा मामे न्यार्कोंनी मोबाईल दाखवला. यादीच्या अगदी तळाशी बिरागोचं नाव आलंय. आकडा इवलासा. ही दिवसभरात अंगणात जेवढी दुडदुडते, तेवढाच. घड्याळ तर त्या पेटीत, कधीच बंद पडलेलं. आणि मी हिला दोन्ही बूट घालते, ही डावा काढून टाकते. दर वेळी डावाच. तो उंबऱ्यावरचा बूट कुठल्या पायातला होता, ते मी हिच्यासमोर आज पहिल्यांदा बोलले.

मी भीत नाही. गुरुवारचा उपास आता दोघींच्या नावाने करते. देव मोठ्या मनाचा आहे, त्याच्याकडे दोघींना जागा आहे.

पण पोकुआ, तुझ्या नवऱ्याची पहिलीही गेलीय ना? आणि हे डूल तिचेच. घाईत माहेरी द्यायचे राहून गेले असतील, तुमचीही काही चूक नाही. फक्त एवढंच, की मघापासून माझी लेक तुझ्याकडे बघून हसत नाहीये. तुझ्या खांद्यामागे बघून हात हलवतेय.

मागे वळू नकोस. हळूच काढ ते. सकाळ झाली की तिच्या आईकडे जा, दोन्ही हातांनी दे. आणि आत्ता, या दिव्यासमोर, तिला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते आठवून... माझ्यासारखाच एक नवस तूही बोल.