बाहुलीघरातला व्हायरस

ब्रनो शहरातल्या त्या अँटिव्हायरस कंपनीच्या पायऱ्यांवर एक उंच तरुण खसखशीचा पाव खात उभा होता. बर्फ वितळून रस्ता नुसता पचपचीत झाला होता. माझे बूट भिजले होते आणि डोकं तापलं होतं.

"ते मूर्ख कितव्या मजल्यावर बसतात?" मी विचारलं.

"कुठले? इथे बरेच आहेत."

"माझा साधा-सरळ प्रोग्रॅम व्हायरस म्हणून पकडणारे!"

त्याने घास गिळला. "तिसऱ्या. पण चढू नका... तो मूर्ख आत्ता खाली आलाय."

हिनेकची नि माझी ही पहिली भेट. किती वर्षं झाली! तेव्हा मी, ब्लांका, सौचेककाकांच्या बाहुलीघरात, म्हणजे कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहात, काम करत होते. आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. तेव्हा मात्र दर रविवारी पोरांच्या किलबिलाटाने ती गल्ली भरून जायची. खेळातले दिवे लावायला मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. एक बटण दाबलं की संध्याकाळ, दुसरं दाबलं की वादळ. त्या सकाळी अँटिव्हायरसने तोच गिळून टाकला. भर खेळात मंचावर अंधार झाला आणि पोरांनी भोकाड पसरलं. काका म्हणाले, "पुन्हा असं झालं तर दिव्यांची जुनी, हाताने दाबायची बटणं आणीन. आणि तू तिकीटखिडकीवर!"

हिनेकने माझी डिस्क वर नेऊन तपासली.

"तुमचा प्रोग्रॅम कॉम्प्युटर सुरू होताच गुपचूप जागा होतो," तो म्हणाला, "आणि कुठलं बटण दाबलं ते टिपत बसतो. पासवर्ड चोरणारे व्हायरस हेच करतात. म्हणून तो चोर वाटला."

"आमच्याकडे चोरणार काय? राजकन्येचा मुकुट?"

"नाही, म्हणजे... चोरीला बरंच काही जाऊ शकतं हो," तो पुटपुटला, आणि त्याचे कान लाल झाले.

संध्याकाळपर्यंत त्याने चूक दुरुस्त केली. पण पुढच्या रविवारी तो बाहुलीघरात हजर! "प्रोग्रॅम नीट चाललाय ना, ते बघायला." मग दर रविवारी. मागच्या रांगेत, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसायचा.

"अगं, हा प्रोग्रॅम बघतो की तुला?" काका मिशीत हसत विचारायचे.

"मला काय माहीत... त्यालाच विचारा!"

मी पडद्याच्या फटीतून बघायचे. तो हसला की मीही हसायचे—त्याला दिसणार नाही असं.

फेब्रुवारीत अँटिव्हायरसचा पुन्हा तोच इशारा! मी चिडून फोन केला, "हिनेक, पुन्हा तुमची तीच चूक!"

तो धापा टाकत आला. कॉम्प्युटरवरची एकेक फाइल उघडून तपासली.

"ब्लांका... या वेळी चूक नाही. खरंच व्हायरस शिरलाय. सगळीकडे."

"असं कसं?"

"अरे, दोन दिवस तो इशारा देत होता," काका ओशाळून म्हणाले. "मागे खोटा निघाला होता ना, म्हणून मी आपलं 'सोडून द्या' दाबलं."

हिनेकचा चेहरा पडला. "म्हणजे मीच तुम्हाला त्याच्यावर अविश्वास ठेवायला शिकवलं."

त्याच्या त्या पडलेल्या चेहऱ्याने माझा राग कुठल्या कुठे गेला. पण कॉम्प्युटरवरचं सगळं पुसावं लागणार होतं, आणि दाराशी पोरं जमली होती. काकांनी मुकाट्याने माळ्यावरची जुनी बटणं काढली.

"मी लावतो दिवे," हिनेक म्हणाला. "तेवढं तरी करू द्या."

खेळ सुरू झाला. माझ्या हातात राजकन्येच्या दोऱ्या, काकांकडे राक्षस, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून, बटणांशी उकिडवा बसलेला हिनेक.

"निळा," मी कुजबुजले. त्याने लाल लावला.

"अहो, निळा!"

"सॉरी... तुम्ही इतक्या जवळ असलात की काही सुचत नाही." तो क्षणभर थांबला. "ब्लांका... मला तू खूप आवडतेस."

तू! पहिल्यांदाच. पण राजकन्येचा आवाज काढायचा माझ्यासमोरचा माइक चालू होता. त्याचा तो घोगरा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. मंचावर राक्षस राजकन्येसमोर उभा होता. काकांचा हात हवेतच थांबला.

पहिल्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "अगं, बोल ना काहीतरी!"

मी राजकन्येची मान हळूच वर केली.

"मलाही... तूच."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! काका दात-ओठ खात कुजबुजले, "अरे, राजपुत्र अजून खुंटीवर लटकतोय! त्याचं काय करू?"

"आज त्याला सुट्टी द्या," हिनेक म्हणाला. तेही माइकवर.

सगळं सभागृह खो-खो हसत सुटलं. त्याने अंधारात माझा हात घट्ट धरला, दोऱ्या निसटल्या, आणि राजकन्या थेट राक्षसाच्या गळ्यात जाऊन पडली.