फळीवरचं स्टूल

गाडीत माणूस राहतंय हे गाडीच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. खिडक्यांना पडदे, काचेवर वाफ, दाराशी काढलेल्या चपला. शहरातल्या लोकांना दुसऱ्याच्या भानगडीत रस नसतो म्हणतात, ते साफ खोटं आहे. एखादी व्हॅन गल्लीत दोन रात्री उभी राहू दे, तिसऱ्या दिवशी कुणीतरी तळव्यांचा आडोसा करून काचेला नाक लावतंच.

पेंटरला हे पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. हा पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सव्वीस वर्षं त्यानं तेच केलं होतं आणि व्हॅनही त्याचीच, शिडी आणि रंगाचे डबे वाहायची. आता त्या व्हॅनमध्ये तो आणि त्याची बायको राहत होती. बायकोच्या डोक्यात गाठ होती. या शहरातल्या इस्पितळात तिला किरणांचे शेक द्यायचे होते, तीस, रोज एक. "एकही चुकवायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बोट उगारून सांगितलं होतं. "मध्ये खंड पडला की केलेलं सगळं पाण्यात." घर नऊ तासांवर. इस्पितळाजवळच्या खोल्या आजारी माणसाला द्यायला कुणी तयार होईना. मग राहिली गाडी.

चौथ्याच दिवशी पहाटे कुणीतरी तक्रार केली आणि त्यांना हुसकावून लावलं. शहर अनोळखी, रस्ते एकेरी. इस्पितळात पोचेपर्यंत यंत्रावरचा माणूस एप्रन काढत होता. तोंड वाकडं करून का होईना, त्यानं तिला आत घेतलं. पण पुढच्या वेळी तो घेईलच याचा पेंटरला भरवसा नव्हता. तीस शेक पुरे होईपर्यंत ही गाडी कुणाच्या डोळ्यात भरता कामा नये, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि डोळ्यात भरवणं हाच ज्याचा धंदा, त्याला डोळ्यात न भरणं कळायला कितीसा वेळ लागणार? गाडीच्या दोन्ही अंगांना त्यानं मुद्दाम ओबडधोबड अक्षरांत लिहिलं, 'तुंबलेली गटारं व नळ साफ करून मिळतील.' गटारवाल्याच्या गाडीजवळ कोण मरायला जातंय!

"छान," बायको म्हणाली. "लग्नात म्हणाला होतात, राणीसारखी ठेवीन."

"राणीच आहेस की. गटारांची."

ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून कपाळ धरून बसली.

मग नियम झाले. जेवण एका रस्त्यावर, झोप दुसऱ्या. दिवे लागताना यायचं, उजाडताना निघायचं. दार एकदाच उघडायचं, एकदाच लावायचं. राहता राहिली पुढची काच. तिथं पडदा लावला की लोकांना वाटणार, आत काहीतरी लपवलंय. म्हणून त्यानं पुढच्या सीटांमागे गाडीच्या पूर्ण रुंदीची प्लायवूडची फळी स्क्रूनं बसवली, आणि तिच्यावर रिकाम्या व्हॅनचं पोट रंगवलं. मागच्या दारांपर्यंत गेलेली पोकळी, कडेला फडताळ, पाइपांची वेटोळी, बादली, रबरी बूट. दोन दिवस खपला. बाहेरून काचेतून बघितलं तर त्याची स्वतःचीच फसगत झाली. फक्त मधली मोकळी जागा त्याला खुपत होती. पाटीवर कुठं काय बसवायचं हे बघण्यात जन्म गेलेला, त्याला राहवेना. त्यानं तिथं एक लाकडी स्टूल काढलं.

"रिकामं स्टूल कशाला?" बायकोनं विचारलं. "कुणीतरी येऊन बसेल."

"बसू दे. तेवढीच तुला सोबत."

कागदाच्या एका गोदामामागची गल्ली त्यांना सापडली ती सातव्या दिवशी. एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला कायम खिडक्या लावलेली घरं, आणि मधोमध पिवळट उजेडाचा एकच दिवा. तिथं आवाज मऊ होऊन यायचे. शहराची घरघर लांब कुठंतरी कुणी झोपेत बोलावं तशी ऐकू यायची. एका गल्लीत दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही असा नियम होता, पण बायकोला कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली ती तिथंच. मग कसला नियम आणि कसलं काय.

गोदामाला एक म्हातारा वॉचमन होता. पहिल्याच संध्याकाळी तो काचेशी थांबला. फळीमागे दोघं श्वास रोखून बसली. जरा वेळानं त्याच्या कमरेच्या किल्ल्या वाजत वाजत पुढं गेल्या, आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला.

अकराव्या शेकाच्या दिवशी थर्मास भरून परत येताना त्याला वॉचमननं हटकलं.

"काय हो गटारवाले, बाईंना किती वेळ बसवून ठेवता?"

पेंटरनं थर्मास खाली ठेवला. "कुठल्या बाई?"

"ह्या काय. स्टूलवर बसल्यात मघापासून. निळा स्वेटर, ही एवढी जाड वेणी. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा."

पेंटरनं काचेतून बघितलं. फडताळ, पाइप, बादली, बूट. स्टूल रिकामं होतं.

"बसू द्या, बसू द्या," म्हातारा म्हणाला. "रिकामी गाडी दिसली की माणसाला संशय येतो. बाईमाणूस बसलेलं असलं की बरं वाटतं."

फळीमागे बायको गाढ झोपली होती, डोक्याला रुमाल बांधून. त्याच आठवड्यात तिचे केस झुबक्यांनी गळायला लागले होते. ती उठायच्या आत तो उशीवरून गोळा करून टाकायचा. निळा स्वेटर तिच्याकडे होता खरा, पण तो घरी, नऊ तासांवर, ट्रंकेत.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार, असं पेंटरनं स्वतःला समजावलं. तरी फडकं घेऊन त्यानं फळी पुसून बघितली. कोरडा रंग, आणि त्याचेच ब्रशचे फटकारे. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पाववालीनं पिशवीत दोन पाव जास्तीचे टाकले. "त्या गाडीत बसलेल्या असतात ना, त्यांना द्या. काय केस आहेत हो!" त्यानंतर एका सकाळी सायकलवरून चाललेल्या अनोळखी बाईनं काचेकडे बघून हात हलवला. ज्यानं चित्र काढलं त्याला तेवढा रंग दिसत होता, बाकी साऱ्या गल्लीला बाई दिसत होती.

त्यानं न राहवून बायकोला सांगितलं.

"अगबाई! म्हणजे मला सवत आणलीत?" ती एवढी हसली की त्यालाही हसू फुटलं. मग ती थांबली. "केस कुठपर्यंत आहेत तिचे?"

"कमरेपर्यंत म्हणतात."

तिनं रुमालावरून हात फिरवला. "माझे होते तेवढेच की," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

त्या दिवसापासून तिला अंथरूण फळीला लागून हवं असायचं. पाठ टेकून डोळे मिटून पडायची. कधी ओठ हलायचे. पेंटर हाक मारी तेव्हा ती फार लांबून आल्यासारखी ओ द्यायची. एका पहाटे ती आपण होऊन बोलली.

"मी तिकडे बसून आले."

"कुठं तिकडे?"

"स्टूलवर. पुढ्यात काच होती, काचेपलीकडे आपली गल्ली. एक पांढरं मांजर भिंतीवरून गेलं, अर्ध्या शेपटीचं. वॉचमनच्या किल्ल्या पडल्या, आणि बिचाऱ्याला काही सापडेनात. नळाजवळ होत्या. मी बोट दाखवलं." ती फळीला आणखी टेकली. "तिथं डोकं दुखत नाही हो."

उजाडल्यावर पेंटरनं वॉचमनला गाठलं. रात्री किल्ल्या पडल्या होत्या का, एवढंच विचारलं.

"पडल्या ना! बाईंनी नळाकडे बोट केलं म्हणून मिळाल्या. देव त्यांचं भलं करो."

त्या दुपारी इस्पितळातून आल्यावर पेंटरनं रंग खरवडायची पट्टी काढली. स्टूल खरवडून टाकायचं, वर करड्या रंगाचा हात मारायचा, विषय संपला. पट्टी फळीला लागायच्या आत शेजारच्या सीटवरून बायकोनं त्याचं मनगट धरलं. तिची बोटं तापलेली होती.

"नका. दिवसातून तेवढाच वेळ मला बरं वाटतं. तेवढंही काढून घेणार का?"

त्याला भीती वाटत होती. पण तिच्या दुखण्यापुढं त्याच्या भीतीची काय मातब्बरी! त्यानं पट्टी डब्यात ठेवून दिली.

मग ती वरचेवर तिकडे जाऊ लागली. एकविसावा शेक झाला, पंचविसावा झाला. फळीमागे ती निपचित पडलेली असायची, हात थंडगार, आणि फळीपुढून जाणारे लोक मान लववून जायचे. गाडी आता साऱ्या गल्लीच्या ओळखीची झाली होती. तक्रार राहिली बाजूला, एकानं तर आपली गाडी मागे घेऊन त्यांना सावलीतली जागा दिली. इकडे बायको इतकी हलकी झाली होती की इस्पितळाच्या चाकाच्या खुर्चीत ठेवताना पेंटरला ती हाताला जाणवायचीच नाही.

तिसावा शेक झाला. एकही चुकला नव्हता. यंत्रावरच्या माणसानं "सुटलात" म्हणून टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई मात्र चष्मा पुसत राहिल्या. "आता वाट बघायची," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यानं तिला अंथरुणावर नीट निजवलं. "उद्या घरी," तो म्हणाला. "तेवढा पाव घेऊन येतो." तिनं डोळे उघडले नाहीत.

तो परत आला तेव्हा गल्लीतला दिवा नुकताच लागला होता. सवयीनं त्यानं काचेतून आत बघितलं.

स्टूलवर ती बसली होती.

वेणी नव्हती, निळा स्वेटर नव्हता. डोक्याला करडा रुमाल, ओठ सुकून फुटलेले. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. ते सकाळी त्यानंच घाईघाईनं लावलं होतं. त्याची बायको. ती त्याच्याकडेच बघत होती.

"अगं, कशाला उठलीस?" म्हणत त्यानं पुढचं दार उघडलं.

सीट रिकाम्या होत्या. मागे फळी होती. त्यानं फळीवरच्या तिच्या गालाला बोट लावलं. रंग कोरडा होता. असा चेहरा रंगवणं त्याला सात जन्मांत जमलं नसतं.

"अहो, आलात का?" फळीमागून आवाज आला. "चहा ठेवलाय."

तो मागच्या दारानं आत गेला. ती उभी होती. शेगडीवर पातेलं, गालांवर लाली, अंगात निळा स्वेटर. ओली वेणी कमरेपर्यंत आली होती.

"डोकं?"

"नाही दुखत. मुळीच नाही."

हसणं तिचंच होतं. पुढच्या दाताचा टवका उडालेला, तोही तिथंच होता. त्यानं सुचेल ते विचारलं. लग्नात कुणी रुसून बसलं होतं, पहिल्या पाटीवर कुठलं अक्षर चुकलं होतं, आजारपण कळलं त्या रात्री दोघं काय बोलली होती. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वर तो विसरलेल्या दोन-चार गोष्टीही भरीला घातल्या. तिचा हात उबदार होता.

"मग तिकडे कोण बसलंय?"

ती खाली उतरली. पुढं जाऊन काचेतून बघून आली.

"कुणी नाही. स्टूल रिकामंच आहे की." मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मला बरी करायला आणलंत ना? झाले मी बरी. आता ती फळी काढा आणि घरी चला."

तीस दिवस त्यानं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. त्याला रडू फुटलं. आनंदाचं की कशाचं, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.

आठ स्क्रू होते. ते निघाले. पण त्यानं एकट्यानं उचलून बसवलेली ती फळी आता त्याला हलवेना. दुसरी बाजू तिनं धरली. दोघांनी मिळून फळी गोदामाच्या भिंतीला टेकवली.

"तोंड भिंतीकडे करा," ती म्हणाली.

तेवढं मात्र त्याच्यानं झालं नाही. तो तिकडे न बघता गाडीत येऊन बसला.

गाडी सुरू झाली तसा गोदामाच्या फाटकातून वॉचमन धावत आला.

"अहो गटारवाले! थांबा! बाई खाली राहिल्या तुमच्या!"

पेंटरचा पाय ब्रेकवर गेला.

शेजारच्या सीटवर ती वेणी सोडून केस विंचरत होती. "चला ना," ती म्हणाली. "पोचायला उजाडेल."

त्यानं पाय उचलला.

वळणावर आरशात दिसलं. म्हातारा फळीपुढं वाकून काहीतरी विचारत होता. मग त्यानं अंगातला कोट काढला आणि थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या खांद्यांवर घालावा तसा हळूच फळीवर घातला.

कोट घसरून खाली पडला नाही.