तेरा नंबरची खुर्ची

"पैसे नकोत, बाई. माझ्या बायकोच्या खुर्चीवर कोण बसलं, तेवढं शोधून द्या."

घड्याळं दुरुस्त करणारा तो म्हातारा, लोकांच्या चोऱ्या शोधून देणाऱ्या अक्कांच्या खोलीत उभ्याउभ्याच बोलत होता. गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं बायकोनेच काढली होती, आणि त्याआधीच ती गेली. त्याने आपलं बारा नंबरचं तिकीट ऑनलाइन विकलं. तिचं तेरा नंबरचं ठेवलं. तिच्या जागी बसून गाणं ऐकायचं होतं. पण काल दारावरचं मशीन म्हणालं, हे तिकीट वापरून झालंय.

"बारा घेणाऱ्याचीच लबाडी!" अक्कांचा धाकटा भाऊ म्हणाला. तपासात तो नेहमी बरोबर असे. त्याचं उत्तर क्वचितच.

"गप रे. काका, तिकीट कुठे होतं?"

"खिशात. कोणाला हात लावू दिला नाही."

"जाहिरात दाखवा."

मजकूर होता: 'खुर्ची बारा. पत्नी वारली, म्हणून विकणे.' खाली एका तिकिटाचा फोटो, कोडवर कागदाची पट्टी.

"आधी दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून फोटो काढला होता," म्हातारा म्हणाला. "विकायच्या तिकिटाचा कोड झाकला, भाच्याने बजावलं होतं. मग वाटलं, तिचं तिकीट कशाला चारचौघांत? तासाभरात बदलला."

जाहिरात पाहून तिघांनी तिकिटाची चौकशी केली होती. अक्कांनी तिघांनाही फोन करून फक्त बारा नंबरबद्दल विचारलं.

ते घेणारी शिक्षिका म्हणाली, "शेजारी कोणीतरी होतं. अंधारात चेहरा दिसला नाही."

टेम्पोवाला खेकसला, "परवडलं नाही, विषय संपला!"

शिंपी म्हणाला, "मी जाहिरात दुसऱ्या दिवशी पाहिली. तोवर बारा गेलं होतं. तेराशी माझा काय संबंध?"

संध्याकाळी अक्का म्हाताऱ्याला आणि भावाला घेऊन थेट शिंप्याच्या दुकानात शिरल्या.

"काका, चोरी खिशातून नाही, फोटोतून झाली. विकायचा कोड तुम्ही झाकलात. तिचा उघडा राहिला, कारण तो विकायचाच नव्हता. कोडचा नुसता फोटो दाखवला तरी दार उघडतं. आणि तेरा हा नंबर फक्त त्या पहिल्या फोटोत होता. दुसऱ्या दिवशी जाहिरात पाहणाऱ्याला तो कळला कसा?"

"अक्का, बाराच्या शेजारी तेराच ना?" भावाने विचारलं.

"अकरासुद्धा शेजारीच असते, शहाण्या."

शिंप्याची कात्री थांबली. "मला वाटलं, बाई गेल्या, तुम्ही येणार नाही. खुर्ची रिकामीच राहील. काका, पैसे भरून देतो."

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि समोरच्या स्टुलावर बसला.

"ती बुटकी होती. कुठेही गेलो की सारखी मान उंचावायची. ही जागा निवडायला तासभर घातला होता तिने. तिथून नीट दिसतं का रे?"

"दिसतं, काका. पेटीवरची बोटंसुद्धा."

"मध्ये कोणाचं डोकं?"

"नाही आलं."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "आता पहिल्यापासून सांग. पडदा उघडला, तेव्हा काय दिसलं?"