टाचेची रेघ

दातांच्या डॉक्टरांना सगळी गल्ली दातकाका म्हणायची आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. दवाखाना मुलाच्या हवाली केल्यापासून ते रोज सकाळी किनाऱ्याच्या पाहणीला जायचे. पगार नाही, मान नाही, नुसती हौस. सोबतीला मेहुणी. ती भूगोल शिकवायची आणि तोंडाची भलतीच फटकळ होती. गल्लीच्या पायऱ्यांपासून काळ्या खडकांपर्यंतचा पट्टा दोघांच्या वाट्याला आला होता. मेलेले पक्षी, डांबराच्या गोळ्या, जाळ्यांचे तुकडे, पाण्याचा रंग, सगळं बघायचं. रात्री कासवीण वर येऊन गेली असेल, तर तिचा माग मोजायचा आणि लगेच त्यावर टाचेने आडवी रेघ ओढायची. रेघ पडली की विषय संपला. संध्याकाळी पाहणीला येणाऱ्या मंडळींनी तो माग पुन्हा मोजणीत धरायचा नाही. माणसांच्या पावलांशी पाहणीला काही देणंघेणं नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र दातकाकांचं लक्ष कशातच नव्हतं. बायको न्यूमोनियाने हॉस्पिटलात बेशुद्ध पडली होती. भेटायला दुपारशिवाय सोडत नसत आणि तोवर घर खायला उठायचं, म्हणून ते वाळूत येऊन चालायचे.

पावलं आधी मेहुणीला दिसली. पायऱ्यांपासून निघालेली, अनवाणी, समुद्राकडे जाणारी. भरतीने धुतलेल्या कोऱ्या वाळूवर ती निम्म्यापर्यंत गेली होती आणि तिथेच संपली होती.

“आता हा माणूस उडाला की काय?” ती म्हणाली.

“वाऱ्याने बुजली असतील पुढची.”

वारा नव्हता. डाव्या पायाची करंगळी वाळूला टेकलेली नाही, हेही दातकाकांनी पाहिलं. त्यांच्या बायकोची ती करंगळी कपाटावर आपटून कायमची वर उचलली गेली होती. पण अशी करंगळी आणखीही कुणाची असू शकते, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि एक मेलेला कुरव पक्षी उलटा करून बघत बसले.

दुसऱ्या सकाळी पावलं जिथे संपली होती तिथूनच निघून पुढे गेली होती, शंखांच्या चुऱ्याच्या पट्ट्यापलीकडे. दुपारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवल्याचं सांगितलं. त्यांचा आवाज खाली आला होता. असा आवाज दातकाकांनीही दाढ वाचणार नाही हे सांगताना अनेकदा काढला होता.

तिसऱ्या दिवशी पावलं ओल्या वाळूत उतरली होती.

“भावोजी, ताईचं पाऊल आहे हे.”

“वेड लागलंय तुला.”

“मग तुम्ही नजर का चुकवताय?”

त्यांना भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा इतकी. शेवटचं पाऊल पाण्यापासून जेमतेम वीतभर लांब होतं आणि भरती लागली होती.

लाट आली, त्या पावलाला शिवून मागे गेली.

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पुढची वाळू दबली. टाच आधी, मग चवडा. करंगळी नाहीच.

दातकाका धावले. पुढे होऊन त्यांनी टाच रोवली आणि माग अडवून रेघ ओढली.

“मोजलं,” ते ओरडले. “हे मोजलं. झालं! पुन्हा धरायचं नाही!”

पाणी आलं, गेलं. नवं पाऊल उमटलं नाही.

खिशातला फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. “काका, काकूंनी डोळे उघडले. चहा मागताहेत. आणि तुम्ही कुठे उलथलात म्हणून विचारताहेत.”

दातकाका ओल्या वाळूत फतकल मारून बसले आणि रडता रडता हसायला लागले.

“पँट भिजली, भावोजी.”

“भिजू दे गं. सगळी भिजू दे.”

बायको घरी आली ती तक्रारी करतच. सूप आळणी, उशी कडक, पडदे कुणी धुतलेच नाहीत. दातकाकांना प्रत्येक तक्रार गोड लागत होती. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी बशीत चहा ओतता ओतता ती म्हणाली, “अहो, रेघ ओढलीत ते बरं केलंत. मला हात सोडवताच येत नव्हता.”

दातकाकांनी मेहुणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिने ताईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

“कुणाचा हात?”

“मला न्यायला आली होती, त्या बाईचा की. समुद्राकडे धरून नेत होती. रेघेपाशी सोडला बिचारीने. म्हणाली, तू जा, मी थांबते इथेच.” आणि तिने बशी तोंडाला लावली.

पण त्या सकाळी वाळूत पावलांची एकच रांग होती.

आता बायको जिने चढते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, जागरण करून पत्ते खेळते. घर पुन्हा नांदतं झालंय. भरती रोज रेघ पुसते आणि दातकाका रोज सकाळी, आधी ती पुन्हा ओढून, मग पाहणीला लागतात. मेहुणी चेष्टा करत नाही. तीही शेजारी टाच ओढते.

आज रेघ ओढून झाल्यावर तिने त्यांची बाही धरली. रेघेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, वाळूत दोन खळगे होते. लाटांत बराच वेळ एका जागी उभं राहिलं की पायांखाली पडतात तसे, घोट्याइतके खोल, पाण्याने भरलेले. बोटं पायऱ्यांकडे होती.